आईचा रंग

बेटेगावच्या घरात आईचा सर्वांत जुना फोटो आहे तो बोईसरच्या एका स्टुडिओतला, काळा-पांढरा. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून तिथल्या माणसाने तिचा चेहरा उजळ केला, त्यात हनुवटीवरचं गोंदणही गेलं. भातलावणीच्या उन्हापावसात रापलेली माझी आई त्या चौकटीत परकीच दिसते.

मग रंगीत रोल आले. लग्नकार्यातल्या ३६ फोटोंत एखादा तिच्या वाट्याला यायचा; चुन्याची भिंत लख्ख, चेहरा अंधारात. फोटो धुणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी कोडॅक जे नमुना-कार्ड द्यायची, त्यावर अनेक वर्षं गोरीच बाई असे, हे मी फार उशिरा वाचलं. ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्याला. सावळ्या कातडीचा हिशेबच नव्हता! सावळे-काळे चेहरे फोटोत खरे दिसावेत म्हणून गूगलने पिक्सेल ६ या फोनमध्ये ‘रिअल टोन’ आणलं ते २०२१ साली. आनंद आहे, पण इतकी वर्षं का लागली, हा राग माझा जात नाही.

मोबाइल हाती आल्यावर मी आधी ‘ब्यूटी’ शून्यावर आणली. आईच्या सुरकुत्या तिच्या कष्टाच्या आहेत, त्या पुसायचा अधिकार फोनला नाही. कॅमेरा सगळ्या दृश्याचा उजेड मिळून अंदाज बांधतो. म्हणून पाठीमागे ऊन असलं की माणूस काळवंडतो. पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच थांबतात. मग बाजूची खूण सरकवून उजेड किंचित कमीजास्त करायचा. बोटांनी झूम केलं की चित्र फुटतं, त्यापेक्षा दोन पावलं पुढे जावं. लेन्स पुसायची, एवढं तर सगळेच विसरतात. पण खरा उजेड आमच्या पडवीत, श्रावणातल्या ढगाळ दुपारी. सगळं आभाळच दिवा होतं, डोळ्यांखाली कडक सावली पडत नाही, आणि आईचा तांबूस सावळा रंग आहे तसा येतो.

हल्ली तिचे व्हिडिओही घेते. ती चुलीवर पानगी करते तेव्हा कॅमेरा जाळाला भुलतो नि हात काळे पडतात. म्हणून बोट तिच्या हातांवर दाबते. फोन आडवा, कोपरं अंगाशी घट्ट. केळीचं पान करपल्याची चरचर ऐकू यावी म्हणून पंखा बंद. मध्येच ती ओरडते, “अगं, ते ठेव खाली आणि पीठ बघ, सैल झालंय!” तेवढं मी कधीच कापत नाही.