'हाय' आणि 'असतंय'

आज थोडं व्याकरण. कंटाळू नका, विषय आपल्या गावाचाच आहे.

माझी भाची स्पॅनिश शिकतेय. त्या भाषेत 'असणे'साठी दोन क्रियापदं आहेत, 'सेर' आणि 'एस्तार', आणि शिकणारे सगळे तिथंच अडखळतात. बर्फ थंड असतो, तो त्याचा गुणच, तिथं 'सेर'. समोरचा चहा थंड झालाय, ती त्याची आत्ताची अवस्था, तिथं 'एस्तार'. 'आबुरीदो' हा शब्द 'सेर'बरोबर आला तर माणूस कंटाळवाणा, 'एस्तार'बरोबर आला तर बिचारा कंटाळलेला. 'एस्तार' हे लॅटिनमधल्या 'उभं राहणे'वरून आलंय. आपल्या संस्कृत 'स्था'चं ते दूरचं भावंड.

ती म्हणाली, "मामा, बरंय, मराठीत असली भानगड नाही."

म्हटलं, आहे की! 'आहे' आणि 'असतं'. दोन्ही 'असणे'चीच रूपं, पण कामं वेगळी. 'आहे' म्हणजे हे, इथं, आत्ता. 'असतं' म्हणजे नेहमीचं, रीतच तशी. स्पॅनिशशी हे तंतोतंत जुळत नाही. अंबाबाईचं मंदिर दगडी 'आहे' असं आपण म्हणतो, तिथं त्यांना 'सेर' लागेल. पण गुण आणि अवस्था यातला फरक आपल्यालाही बरोबर कळतो. आपल्या बोलीत सांगायचं तर 'हाय' आणि 'असतंय'.

'असतंय'बद्दल माझी तक्रार नाही. चैत्रात जोतिबाची यात्रा असते. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी अंबाबाईचा किरणोत्सव असतो. हे असंच असावं. मात्र त्या किरणांच्या वाटेत इमारतीचा अडथळा आला, तर तो 'असत' नाही, तो 'आहे'. कुणीतरी उभा केलाय, म्हणजे कुणीतरी काढूही शकतं.

माझं दुखणं इथंच आहे. "रस्त्यात खड्डा हाय" म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, कधी बुजवणार? "खड्डे असत्यातच की" म्हटलं की प्रश्नच संपला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटारावर झाकण नाही. पहिल्या वर्षी सगळे चिडून म्हणायचे, "झाकण न्हाई." आता पाव्हण्यांना प्रेमानं सांगतात, "तिथनं जरा जपून या, तिथं झाकण नसतंय." गटार तेच, क्रियापद बदललं. आणि ते बदलल्यापासून कुणी अर्ज केलेला नाही.

आता पुराचं बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २००५ ला महापूर आला. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोनच वर्षांत, २०२१ ला, पुन्हा तेच. आता जुलै उजाडला की ऐकू येतं, "पूर असतोयच." त्यात शहाणपणही आहे. चिखली-आंबेवाडीची माणसं पातळीवर डोळा ठेवून वेळेत जनावरं हलवतात, ती 'असतो' हे ओळखूनच. पाऊस असतो, नदी फुगते, मान्य. पण पूररेषेच्या आत टाकलेला भराव असत नाही, तो आहे. तो कुठल्यातरी दिवशी, कुणाच्यातरी ट्रकमधून आलाय. नदीत मिसळणारं सांडपाणीही कुठल्यातरी नाल्यातून येतं, आणि नाल्याला नाव असतं. पावसाला जबाबदार धरता येत नाही म्हणून भराव घालणारालाही त्याच 'असतोय'च्या पांघरुणाखाली झोपू द्यायचं?

ह्या गावानं उलटं करूनही दाखवलंय. २०१३ ला शहराच्या नाक्यांवर टोल सुरू झाला. "रस्ता म्हटला की टोल असतोच" म्हणणारे तेव्हाही होते. पण ऐंशीच्या घरातले एन. डी. पाटील सर आणि पानसरे अण्णा रस्त्यावर उतरले, मागं सगळं गाव उतरलं. गावाचं म्हणणं साधं होतं. टोल 'असत' नाही, तो 'आहे', कुणाच्यातरी करारानं आहे, म्हणून जाऊ शकतो. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारनं तो बंद करायचा निर्णय घेतला. ते बघायला अण्णा राहिले नव्हते. फेब्रुवारीतच त्यांचा खून झाला होता.

भाषेनं खड्डा बुजत नाही, हे मलाही कळतं. पण कुठल्या गोष्टीवर भांडायचं आणि कुठली सोसायची, हे आपण बोलता बोलताच ठरवतो. अर्ज लिहायच्या आधी कितीतरी तक्रारी 'असतंय'मध्ये मरतात.

म्हणून एक विनंती. खाली कमेंटमध्ये आपल्या भागातली एकच गोष्ट लिहा. वाक्य 'आहे'नं संपवा. कुठं आहे आणि कधीपासून आहे, तेही लिहा. "सगळीकडं असंच असतंय" असली कमेंट टाकू नका, ती सगळ्यांना पाठच आहे. यादी झाली की छापून घेऊ आणि सगळे मिळून जिथं द्यायची तिथं देऊन येऊ.