खालून उजेड दिसतोय का?

आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी गुरुवारी येते. त्यामुळे बुधवारी संध्याकाळी फिरायला निघालं की रस्त्याच्या कडेला लोकांचे संसार बघायला मिळतात. आई भुसावळहून इथे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आली की तिचा हा आवडता कार्यक्रम. ‘एवढी धड खुर्ची टाकली?’ म्हणत ती प्रत्येक ढिगापाशी रेंगाळते आणि मी तिला दंडाला धरून पुढे नेतो. गेल्या मे महिन्यात मात्र उलटं झालं. थांबलो मी, आणि ओढत होती ती.

कोपऱ्यावरच्या घरातले आजोबा घर विकून मुलीकडे निघाले होते. त्यांच्या सामानात तीन पायांची, घुमटासारख्या झाकणाची एक कोळशाची ग्रिल उभी होती. एका चाकाचं रबर निखळलेलं, मूठ तडकलेली, आणि गळ्यात ‘फुकट’ लिहिलेला पुठ्ठा. वेबरची केटल. शिकागोच्या आसपास राहून ती न ओळखणं म्हणजे पुण्यात राहून चितळे न ओळखण्यासारखं. जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. कारखान्यात पाण्यावर तरंगणारे खुणेचे गोळे, म्हणजे बोये, बनायचे. उघड्या ग्रिलवर वारा आणि पाऊस जेवणाची वाट लावतात म्हणून वैतागलेल्या या गृहस्थाने 1952 साली तसल्याच गोळ्याचे दोन भाग केले. खालच्याला पाय लावले, वरच्याला मूठ लावली. पुढची सगळी केटल घराणी त्या कापलेल्या गोळ्याची लेकरं.

‘शेगडी आहे होय,’ आई म्हणाली. ‘मग घे की. पण घासणार कोण?’

घासणार मीच होतो. झाकणाच्या झडपेवर एक अक्षर ठोकलेलं असतं, त्यावरून बनावटीचं साल कळतं. कोष्टक शोधून ताडलं तर आमची शेगडी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची निघाली. म्हणजे मी भुसावळला शाळेत जात होतो तेव्हापासून ती इथे मांस भाजत होती. झाकण आतून बघितलं आणि वाईट वाटलं. काळ्या रंगाचे पोपडे सुटून लोंबत होते. रंगच उडालाय म्हटल्यावर दुरुस्त काय करणार! पण बोटाने एक पोपडा उचलला तर खाली गुळगुळीत, शाबूत पृष्ठभाग. तो रंग नव्हताच. चाळीस वर्षांचा धूर आणि चरबी जळून झालेली ती खपली होती. मूळ लेप इनॅमलचा. काचेची पूड पोलादावर चढवून साधारण आठशे अंश सेल्सिअसला भाजलेली असते. ती अशी पोपड्यांनी सुटत नाही. आपटली तर मात्र काचेसारखाच टवका उडतो.

आईला हे समजावून सांगायची गरज पडली नाही. तिच्या माहेरी इनॅमलच्या थाळ्या होत्या. ‘आपटू नको, लोखंडाने खरवडू नको. राखेने घास,’ एवढंच ती म्हणाली. राख आणि नारळाची शेंडी. लाकडाची राख अल्कधर्मी असते, तेल-तूप धरून सोडवते, म्हणून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडी तिनेच घासली गेली. सल्ला बिनतोड होता. फक्त माझ्या घरात गॅसही नाही, विजेच्या शेगड्या आहेत. राखेसाठी कोळसे पेटवायला हवे होते, आणि कोळसे पेटवण्यासाठी आधी ही बया घासायला हवी होती.

शेवटी प्लास्टिकचं खरवडणं आणि भांड्यांचा साबण घेऊन बसलो. तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्या संध्याकाळी खपल्या पडल्या, दुसऱ्या संध्याकाळी मी पडलो, म्हणजे पाठ धरली. तिसऱ्या दिवशी झाकण बाहेरून धुताना कळलं की ज्याला मी काळं समजत होतो ते चॉकलेटी आहे. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, ‘छान.’ तिच्या ‘छान’चे जे चारपाच प्रकार आहेत त्यातला हा सर्वांत छोटा.

याच उत्साहात एक घोळ घातला. पाय, राखेची थाळी आणि खालच्या झडपा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. पायांपैकी एक खाचेत घट्ट बसलेला, तो निघेना. निघाले तेवढे दोन पाय आणि थाळी मी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवली आणि झोपायला गेलो. सकाळी पाण्यावर फेस आणि दोन्ही पाय करडे-काळे, जणू सुतक पाळताहेत. आई चहाचा कप घेऊन बाहेर आली, बादलीत डोकावली. ‘अरे, अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घालतं का कुणी?’ मी इंजिनिअर आहे हे तिने बोलून दाखवलं नाही. बारीक पोलादी लोकर घेऊन मी दोन तास पाय चोळले. एक बऱ्यापैकी उजळला, दुसऱ्यावर अजून ढग आहेत.

लाकडी मूठ मात्र मनासारखी झाली. बारीक सँडपेपर मारला, तड भरली, जवसाच्या उकळलेल्या तेलाचे तीन हात दिले. एक सांगून ठेवतो. त्या तेलाची चिंधी बोळा करून कचऱ्यात टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंधी बाहेर पसरून वाळवायची.

जूनमधल्या एका शनिवारी मुहूर्त लागला. पिशवीतले कोळसे बघून आईने नाक मुरडलं. उशीच्या आकाराच्या त्या दाबलेल्या वड्या. ‘कोळसा का गोवऱ्या?’ फार चुकीचं नव्हतं. लाकडाच्या भुशाच्या कोळशाचा चुरा दाबूनच त्या करतात. विसाच्या दशकात हेन्‍री फोर्डने मोटारींसाठी लागणाऱ्या लाकडाचं उरलेलं भंगार आणि भुसा वाया जाऊ नये म्हणून मिशिगनमध्ये असल्या वड्यांचा कारखाना काढला होता आणि त्या तो मोटारींच्या दुकानांतून विकायचा. आईला फोर्डचं कौतुक वाटलं, वड्यांचं नाही. मग मी गुपचूप जाऊन लाकडी कोळशाची पिशवी आणली, ओबडधोबड तुकड्यांची. तिने एक तुकडा दुसऱ्यावर आपटून वाजवून पाहिला. खणखणला. ‘हा घे.’

कोळसे पेटवायच्या नळकांड्यात तुकडे भरले, खाली वर्तमानपत्र पेटवलं. वीस मिनिटांत वरचे तुकडे पांढरे पडले. ते खालच्या भांड्यात ओतले, जाळी ठेवली. चकचकीत चॉकलेटी झाकण लावलं आणि मोबाइलवर फोटो काढला. दहा मिनिटांनी झाकण उचललं तर निखारे मंद. पुन्हा पेटवले, पुन्हा तेच. मी वरची झडप पूर्ण उघडली, खालच्या तिन्ही झडपांचे कान फिरवून उघडल्याची खात्री केली. कोळसा दमट असेल, असं जाहीर केलं.

आई बागेतल्या खुर्चीवर बसून हे सगळं बघत होती. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तिने रोज सकाळी दगडी कोळशाची शेगडी पेटवली आहे. अंगणात नेऊन ठेवायची, खालच्या तोंडाशी पुठ्ठ्याने वारा घालत बसायचं, धूर सरला की आत आणायची. तिने विचारलं, ‘ह्याला वारा कुठून लागतो?’

‘खालून. तीन झडपा आहेत, उघड्या आहेत.’

‘खालून उजेड दिसतोय का?’

निखारे बादलीत काढले. भांडं निवल्यावर गवतावर उताणा पडलो आणि खालून वर पाहिलं. झडपा उघड्या होत्या, पण त्यांच्या वरची भांड्याची भोकं काळीकुट्ट. एका भोकातून टाचणीएवढं आभाळ दिसत होतं, बाकीची ठार बंद. कित्येक पावसाळे राख भिजून, चरबीत कालवली जाऊन, आतून त्यांवर सिमेंटसारखी बसली होती. तीन संध्याकाळी मी झाकण घासलं, कारण झाकण दिसतं. तळाला मी दोन फडके मारले होते आणि काळा रंग म्हणजे काळं इनॅमल असं धरून चाललो होतो.

जॉर्ज स्टीफनचं पहिल्या दिवशी हेच झालं होतं, असं सांगतात. झाकण लावलं की आग विझायची. मग शेजाऱ्याने सुचवलं, अरे, ह्याला हवा लागेल, भोकं पाड. ही गोष्ट मी पूर्वी वाचली होती आणि हसलोही होतो.

तळ भिजवून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी लाकडी चमच्याच्या दांड्याने एकेक भोक मोकळं केलं. ओल्या राखेने कडांचं इनॅमल खाल्लं होतं, तिथे गंज आला होता. तो जेवढा निघाला तेवढा काढला. खाली पडून पाहिलं. बाराही भोकांतून उजेड. आई वरून वाकून बघत होती. एका भोकात तिचा चष्मा दिसला.

त्या संध्याकाळी निखारा असा फुलला की मला मागे सरकावं लागलं. बेत भरताचा होता, पण त्यासाठी खानदेशी वांगी इथे कुठून मिळणार? जळगावची ती पोपटी, मोठी वांगी, ज्यांना भौगोलिक मानांकन मिळालंय, ती शेतात काट्याकुट्यांच्या जाळावर भाजायची असतात. सुपरमार्केटातली जांभळी, भोपळ्याएवढी वांगी घेतली. तेलाचा हात लावून ती जाळीवर ठेवली आणि मी झाकणाकडे हात नेला.

‘झाकण कशाला?’

मी म्हटलं, झाकण हीच तर या शेगडीची खासियत. कोंबडी असो, मोठा मांसाचा तुकडा असो, झाकणाखाली चहूबाजूंनी भाजला जातो. ‘कोंबडीला लाव,’ ती म्हणाली. ‘वांग्याला लावलंस तर ते उकडेल.’ वाद घालायची माझी ऐपत उरली नव्हती. झाकण गवतावर राहिलं. ती चिमट्याला हात न लावता बोटांनी देठ धरून वांगी फिरवत होती. साल तडकून पाणी निखाऱ्यांवर पडलं की चर्रर्र आवाज व्हायचा आणि शेजारचं कुत्रं कुंपणापाशी येऊन बसायचं.

ठेचायची लाकडी बडजी नसल्याने भरीत स्टीलच्या पातेल्यात वरवंट्याऐवजी रवीच्या दांड्याने ठेचलं. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. बायकोचं ‘छान’ या वेळी दुसऱ्या नंबरचं होतं.

जेवणं झाल्यावर मी झडपा बंद केल्या. हवा तुटली की उरलेले कोळसे विझतात, पुढच्या वेळी कामी येतात. आईही अर्धे निखारे डब्यात कोंडून विझवायची. सकाळी उठून अंगणात आलो तर ती थाळीतली राख जुन्या दह्याच्या डब्यात भरत होती.

‘फेकू नको ही,’ ती म्हणाली, आणि ओल्या फडक्यावर चिमूटभर घेऊन झाकणाच्या आतल्या त्या एका डागावर चोळू लागली, जो माझ्याच्याने तीन संध्याकाळी निघाला नव्हता.