सूज उतरेपर्यंत

खालची अक्कलदाढ काढली. गाल अजून बधिर होता, तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं, "भूल उतरायची वाट बघू नका, आधीच गोळी घ्या." घरी येऊन गार, मऊ दहीभात कसाबसा गिळला आणि आयबुप्रोफेन ४०० अन् पॅरासिटामॉल ५०० घेतली. दोन्हींचं काम वेगळं, म्हणून एकत्र घेतल्या की ठणका जास्त आवरतो. रात्री चक्क झोप लागली!

सूज मात्र वाढतच गेली. तिसऱ्या दिवशी गाल टम्म, तोंड चमचाभरही उघडेना. जीव घाबरला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सूज सर्वाधिक असते, मग ओसरते, हे प्रत्येक पेशंटला आधी सांगायलाच हवं. आई म्हणाली, "लवंग धर." ताज्या जखमेत नको, म्हटलं.

अल्सर, किडनीचा विकार किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन घेऊ नका.