उतारी कोणाची

अ‍ॅलन बॉर्डर कोणालाच नको असायचा. हिरवी टोपी, दाढीचे खुंट आणि चेहरा कायम वैतागलेला. ऑस्ट्रेलियात त्याला ‘कॅप्टन ग्रम्पी’ म्हणत हे फार उशिरा कळलं. ट्रम्प कार्डावरच्या बोटभर फोटोवरून आम्ही ते आधीच ताडलं होतं. आकडे मात्र वाचावेत : कसोटी १५६, धावा ११,१७४, झेल १५६. मार्च १९९४ मध्ये तो थांबला तेव्हा हे तिन्ही जागतिक विक्रम होते, झेलांचा यष्टिरक्षक वगळून. म्हणजे यष्टिरक्षकांचे झेल सोडले तर पुढची काही वर्षं या तीन रकान्यांत त्याच्यावर जाणारं पान छापणंच शक्य नव्हतं. तरीही वाटणीत बॉर्डर आला की तोंड वाकडं व्हायचं.

हवा असायचा तो सचिन. त्याचं तेव्हाचं पान : कसोटी ३५, शतकं ८, सर्वोच्च १७९. त्या १७९ ला गावसकरचे नाबाद २३६ खायचे, बॉर्डरचे २०५ खायचे, आणि लाराच्या ३७५ पुढे तर सगळेच गार. शतकांत गावसकरचे ३४ समोर आले की आठाने काय करावं? पण ते १७९ नागपूरला निघाले होते, डिसेंबर १९९४ मध्ये, वेस्ट इंडीजविरुद्ध. आमच्या गोंदियाहून गाडीत बसलं की दुपारच्या आत जिथे पोचता येतं त्या नागपूरला. गल्लीतल्या एकाचे काका तो सामना पाहून आले होते आणि वर्षभर त्यांच्या अंगणात त्याचीच पारायणं चालली. अशा पानाला रकान्यांत कोण बघतं? ते हरू नये म्हणून पोरं ते खेळातूनच काढून कंपासपेटीत ठेवायची.

तेव्हा आमचा जिल्हा भंडारा. गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. दिवाळी सरली की भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरायची, अजूनही भरते : दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. धान कापणीला आलेलं असतं, पाहुण्यांनी घरं भरलेली असतात आणि प्रत्येक पाहुणा जाताना पोरांच्या हातावर काहीतरी टेकवतो. ते पैसे फुगे-पिपाण्यांच्या दुकानात जात. तिथे रबर लावलेले कॅट टांगलेले असायचे. क्रिकेटचे आणि डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पहिलवानांचे. कागद हलका, छपाई सरकलेली, क्वचित कोणाचं नाव दुसऱ्याच्याच फोटोखाली. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. आकडा छापलाय म्हणजे खरा.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पानं पिसून सगळ्यांना सारखी वाटायची. प्रत्येकाने आपल्या गड्डीतलं फक्त वरचं पान बघायचं. ज्याची उतारी असेल त्याने एक रकाना पुकारायचा, धावा म्हणा, बळी म्हणा, झेल म्हणा. ज्याचा आकडा मोठा तो सगळ्यांची पानं घेतो, आपल्या गड्डीच्या तळाशी घालतो, आणि पुढची उतारी त्याची. बस. मेंढीकोटात निदान कोणतं पान टाकायचं ते हाती असतं. इथे पान नशिबाने येतं, रकाना तेवढा तुमचा.

आणि इथेच पोरांची प्रतवारी लागायची. कच्चा खेळाडू पानावरचा सर्वांत मोठा आकडा शोधतो. कपिल देवचं पान हातात आलं की त्याला ५२४८ धावा दिसतात आणि तो ‘धावा’ म्हणून ओरडतो. समोर बॉर्डर असला की पान गेलं. ‘काहून बे, पाच हजार आहेत ना!’ असा वर कांगावा. थोडा मुरलेला ‘बळी’ म्हणतो, कारण कपिलचे ४३४ आहेत आणि हॅडलीसुद्धा ४३१ वर थांबलेला आहे. फरक तीनच बळींचा, पण या खेळात तीन काय आणि तीनशे काय. त्याच कपिलचं डावातलं सर्वोत्तम ८३ धावांत ९ बळी, ऐकायला केवढं भारी! पण तो रकाना पुकारला तर हॅडलीचे ५२ धावांत ९ वाटेत उभे. आकडा किती मोठा याला अर्थच नव्हता. कॅटातली बाकीची पानं त्या आकड्याच्या वर आहेत की खाली, एवढंच बघायचं. म्हणजे एक पान जोखायचं तर सगळा कॅट पाठ हवा.

तो पाठ होता माझ्या आत्तेबहिणीला. ताई आमच्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, आमगावहून सुट्टीत यायची. बाजार समितीत दलाल मूठभर धान तळहातावर चोळतो, फुंकर मारतो आणि भरडल्यावर तुकडा किती पडेल ते सांगून मोकळा होतो. ताई पानाकडे तशी बघायची. एकदा नजर, मग पान उलटं मांडीवर, आणि डोळे समोरच्याच्या गड्डीवर. जिंकलेली पानं तळाशी ज्या क्रमाने जातात त्याच क्रमाने पुन्हा वर येतात, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिच्या आलं होतं. माझ्या गड्डीत वॉल्श कधी वर येणार हे तिला माझ्याआधी कळायचं. कर्टनी वॉल्शचा कसोटीतला सर्वोच्च स्कोर नाबाद ३०. बळींना वाघ, पण उतारी माझ्याकडे नसेल तर मेलेलं पान. ती शांतपणे म्हणायची, ‘सर्वोच्च.’ तिच्या हातात कोण असायचं? कोणीही. तिथे कोणीही चालायचं.

तिनेच एकदा आपला सचिन देऊन माझा बॉर्डर मागितला. मी लगेच दिला, वर घरभर सांगत फिरलो. दुसऱ्या दिवशी बॉर्डर आमची पानं गिळत सुटला. पुढे तर तिने ‘सर्वोत्तम गोलंदाजी’ पुकारून त्याच बॉर्डरवर दोन खरेखुरे गोलंदाज खाल्ले. कारकिर्दीत बळी अवघे ३९, पण १९८९ च्या जानेवारीत सिडनीला त्याने वेस्ट इंडीजविरुद्ध ४६ धावांत ७ काढले होते. कोपऱ्यातल्या त्या रकान्याकडे आमच्यापैकी कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. माझा सचिन कंपासपेटीत सुरक्षित होता. मला अजूनही तो सौदा वाईट वाटत नाही.

पहिलवानांच्या कॅटाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तिथे सगळं उघड असायचं. उंचीला जायंट गोन्झालेझ, आठ फूट, वजनाला योकोझुना. दोघांचे रकाने सोडले तर बाकी नुसती आरडाओरड. क्रिकेटच्या पानांत मधली पानं असायची, म्हणजे कुठेच पहिली नाहीत पण कुठेच शेवटचीही नाहीत अशी. इम्रान खान तसा : ३८०७ धावा, ३६२ बळी. समोरच्याने काहीही पुकारलं तरी हे पान सहसा लाजवत नसे. चांगल्या खेळाडूची ओळख मी तेव्हापासून एकच धरली आहे, त्याला इम्रानची किंमत कळते का.

बाबांच्या लहानपणी छापील कॅट नव्हते. त्यांची पानं म्हणजे सिगारेटची रिकामी पाकिटं, फाडून सपाट केलेली. खेळ साधा, रिंगणात ठेवलेली पाकिटं दगडाने उडवायची. पण उडवण्याआधी पाकिटांचे भाव ठरायचे आणि तोच खरा खेळ होता. चारमिनार ढिगाने मिळे म्हणून तिला किंमत कमी. कैची छाप जरा वर. पासिंग शोवरचा उंच टोपीवाला साहेब त्याहून वर. आमचा मुलूख विडीचा. तेंदूपत्ता इथला, विड्या वळणारे हात इथले. सिगारेट ओढणारे गावात मोजके. मग पाकिटं यायची कुठून? स्टेशनवरून. हावडा-मुंबई मार्गावरचं जंक्शन, कलकत्त्याचा माणूस आणि मुंबईचा माणूस एकाच फलाटावर चहा पितो आणि पाकीट तिथेच टाकतो. मेल निघून गेली की पोरं रुळांच्या कडेने धुंडाळत जात. कोणी न पाहिलेलं एखादं विलायती पाकीट सापडलं की त्याचा भाव ठरवायला पंचायत बसायची, आणि बाबा सांगत, त्या पंचायतीत ज्याचं पाकीट आहे त्याला बोलू देत नसत. आजच्या लिलावघरांनी घ्यावा असा नियम आहे.

सावंतवाडीचा गंजिफा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हे सगळं आठवलं. गोल, लाखेची चकाकी असलेली पानं, दशावतारी कॅटात १२०. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, वर राजा आणि प्रधान. राजघराण्याच्या सत्त्वशीलादेवी भोसले यांनी मनावर घेतलं म्हणून राजवाड्यात ही कला टिकली. माझं लक्ष मात्र चित्रांवरून नियमाकडे गेलं. पाच अवतारांत राजा-प्रधानांनंतर दहाचं पान मोठं आणि एक सर्वांत लहान. उरलेल्या पाचांत उलटं : एक्का मोठा, दहा तळाला. आणि दिवसा बसलात तर रामाची उतारी, रात्री बसलात तर कृष्णाची. ज्याने कोणी हे बसवलं त्याला माणसाची आकड्यांवरची श्रद्धा चांगली ठाऊक असावी. दहाचं पान हातात आलं म्हणून खूश व्हायची सोयच ठेवली नाही.

आता भाचा. रामनगरात राहतो, पाचवीत आहे, आणि त्याच्याकडे पोकेमॉनची पानं आहेत, त्यातली बरीचशी सोनेरी, प्लास्टिकची, स्टेशनरीच्या दुकानात गड्डीने मिळणारी. ती नकली आहेत हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. खऱ्या पानाच्या पोटात एक काळा थर असतो, उजेडासमोर धरलं तर प्रकाश फारसा आरपार येत नाही. ही सगळी परीक्षा त्यानेच मला करून दाखवली आणि नकली पानं पुन्हा नीट रचून ठेवली. मग चौघं जण व्हरांड्यात खेळायला बसले. मी कान देऊन ऐकतोय तर,

‘एचपी तीनशे तीस!’

‘माझे तीनशे चाळीस बे!’

ट्रम्प कार्डच! १९९६ मध्ये जपानात निघालेला, साठ पानांची गड्डी बांधून खेळायचा, नियमांची जाडी पुस्तिका असलेला तो खेळ, आणि गोंदियाच्या पोरांनी त्यातला एचपी, म्हणजे पान किती मार सोसतं, हा एक रकाना उचलून मंडईतला खेळ सुरू केलेला. भाच्याचा चारिझार्ड व्हीमॅक्स, आग ओकणारा, ३३० चा, दुसऱ्याच्या झोपाळू, ढेरपोट्या स्नॉरलॅक्सच्या ३४० समोर गेला. भाच्याचे डोळे भरले. पान परत मिळावं म्हणून त्याने सहा पानं देऊ केली.

रात्री मी त्याला खरा खेळ समजावून सांगितला, मला समजला तेवढा. चारिझार्ड व्हीमॅक्स थेट मैदानात उतरत नाही, आधी त्याचं व्ही हे पान लागतं. मोठ्या हल्ल्याला पाच एनर्जी हवी आणि एका पाळीत साधारणपणे एकच जोडता येते. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा पडला तर समोरचा तीन बक्षीसपानं उचलतो. बक्षीसपानं असतात सहा, म्हणजे असे दोन पडले की डाव संपला. तीनशे तीसचा आकडा वर ठळक छापलाय, त्याचा खर्च तळाला. पहिल्या संचातला जुना चारिझार्डही असाच होता. लाखांनी त्याच्यासाठी जीव टाकला, पण स्पर्धेत उतरणारे लोक इलेक्टाबझ आणि हिटमॉनचॅनसारखी स्वस्तात कामाला लागणारी पानं बांधायचे. १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्डने काढलेल्या ‘मॅजिक’ या खेळातलं सर्वांत प्रसिद्ध पान, ब्लॅक लोटस, कोणावर चाल करत नाही, कोणाला अडवत नाही. फुकट उतरतं, एकदाच तीन एकक ताकद देतं आणि संपतं. २०२१ मध्ये त्याची एक प्रत ५ लाख ११ हजार डॉलरला गेली. हे ऐकून भाच्याने फक्त ‘एचपी किती?’ असं विचारलं.

मग त्याच्या गड्डीत मला प्रोफेसर्स रिसर्च हे पान दिसलं. त्यावर एचपीच नाही. पोरं अशा पानांना ‘झिरो’ म्हणतात, ती आली की आपोआप हरतात, म्हणून चॉकलेटच्या कागदासारखी इकडेतिकडे पडलेली असतात. मी सांगितलं, हे टाकलं की हातातली पानं फेकून सात नवी उचलता येतात; चांगले खेळाडू अशी चार चार पानं गड्डीत भरतात, चारच्या वर चालत नाहीत म्हणून थांबतात. तो बराच वेळ ते पान उलटंसुलटं करत राहिला.

पुढच्या आठवड्यात बहिणीचा फोन. पोरगा कॉलनीभर फिरून सगळ्यांचे झिरो गोळा करतोय, एका सोनेरी पानाला पाच या भावाने, आणि कोणाला कारण सांगत नाही. त्याच्याकडे आता चांगलाच गठ्ठा जमलाय. अडचण एवढीच, की त्यांना किंमत यायची तर समोरच्यालाही खरा खेळ यायला हवा, आणि कॉलनीत अजून एचपीच चालू आहे. तेव्हा स्नॉरलॅक्सवाल्याला त्याने शिकवायला घेतलंय, म्हणे. त्याच्यापुरते दोन झिरो परतही दिलेत, उधारीवर.

फोन त्याने आईच्या हातातून ओढून घेतला. ‘मामाजी, नागपूरला जाल तेव्हा एनर्जीची पानं आणा. इथे कोणाकडेच नाहीत. पाण्याची नको, आगीची आणा. चारिझार्डले लागतात.’