मोजून दिलेला श्वास

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्यांमध्ये सीपीआर (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून आणि त्याला श्वास देऊन जगवणं) शिकवायला गेलो की सांगली-कोल्हापूरकडची दोन-चार मुलं हमखास भेटतात. आणि एक प्रश्नही ठरलेला : ‘सर, तोंडाने श्वास द्यायचाच का?’

मी भूलतज्ज्ञ. बंद पडलेल्या हृदयाच्या माणसाला श्वास किती द्यायचा, हाच माझ्या अभ्यासाचा विषय. आपल्या उच्छ्वासातली हवाही दुसऱ्याला जगवू शकते, हे एलॅम आणि सफार या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात सिद्ध केलं. १९६० साली बाल्टिमोरमध्ये कोवेनहोवेन आणि सहकाऱ्यांनी बाहेरून छाती दाबून रक्त फिरवता येतं, हे दाखवलं. हवा जितकी जास्त तितकं बरं, असं मात्र आम्हाला पुढेही वाटत राहिलं.

२००४ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत डॉ. ऑफडरहाइड यांनी श्वास किती दिले जातात, हे प्रत्यक्ष मोजलं. प्रशिक्षित कर्मचारीसुद्धा मिनिटाला सरासरी ३० श्वास देत होते. डुकरांवरच्या प्रयोगात मिनिटाला १२ श्वास मिळालेल्या सातांपैकी सहा जगली, ३० मिळालेल्या सातांपैकी एकच. कारण साधं आहे. दाबलेली छाती सोडली की हृदयात रक्त परत येतं. हवा सारखी कोंबली की छातीतला दाब चढतो आणि ते रक्त अडतं. विहिरीत पाणीच उतरलं नाही, तर मोटार कोरडीच फिरणार.

रेसिडेंट असताना मीही अॅम्बू बॅग, म्हणजे श्वास द्यायची पिशवी, भराभरा दाबली आहे. समोर माणूस जात असताना हात आवरत नाही. म्हणून आता विद्यार्थ्यांकडून मोठ्याने आकडे म्हणवून घेतो : श्वासनलिकेत नळी घातलेली असेल, तर सहा सेकंदांना एक श्वास, छाती जेमतेम उचलेल एवढाच.

उलटी चूकही तितकीच घातक. नळी नसते तेव्हा ३० दाबांनंतर मास्कने दोन श्वास देतात. २०२३ साली इद्रिस यांच्या अभ्यासात दिसलं, की सुमारे ६० टक्के रुग्णांत यातल्या निम्म्याहून अधिक वेळा हवा फुफ्फुसांत पोचलीच नव्हती. ज्यांच्यात ती पोचली, त्यांच्यात जगण्याचं प्रमाण जास्त होतं. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवणं हे हाताचं कसब आहे. ते सरावानेच येतं.

आता त्या मुलांचा प्रश्न. धडधाकट मोठा माणूस अचानक कोसळला, तर पहिली काही मिनिटं त्याच्या रक्तात प्राणवायू शिल्लक असतो. म्हणूनच भारतीय भूलतज्ज्ञांच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना सामान्य माणसाला फक्त छाती दाबायला सांगतात. बुडालेल्या माणसाचं आणि लहान मुलांचं वेगळं. तिथे आधी श्वासच कोंडलेला असतो, म्हणून ज्याला येतं त्याने श्वासही द्यावा. कोसळलेला माणूस मधूनच आचके देत असेल, तर त्याचा श्वास चालू आहे असं समजू नका.

होसूर रोडच्या गर्दीतून अॅम्ब्युलन्स यायला वेळ लागतो. १०८ला फोन करा, छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवा आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा. श्वास मोजायला आम्ही येतोच. तोवर थांबू नका.