कपाट भरून कपडे, गोधडीला चिंधी नाही

घरातल्या जुन्या कपड्यांतून एक गोधडी निघेल का, हा प्रश्न मला आधी प्रश्नच वाटला नव्हता. आमच्या घरात दोन कपाटं, एक दिवाण आणि माळ्यावरची एक बॅग एवढे कपडे आहेत. बाजारातून काही आणायचं नाही, असेल त्यात भागवायचं, एवढी एकच अट मी स्वतःला घातली होती. सुई, दोरा आणि कात्री घरात होतीच. शिवण म्हणून सदऱ्याचं बटण लावण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. पण धावदोरा तर शाळकरी पोरंही घालतात, अशी माझी समजूत होती.

हॉलमध्ये ढीग रचला. लेगिंग, टी-शर्ट, ट्रॅकपँट, मुलाचे शाळेचे गणवेश, बायकोच्या जॉर्जेटच्या साड्या, जाळीची ओढणी, माझ्या जीन्स. आई खुर्चीत बसून बघत होती. मी एकेक कपडा पुढे करायचो, ती चिमटीत धरून अंगठ्याने चोळायची आणि बाजूला टाकायची. "हे ताणतं. हे निसटतं. हे अंगाला चिकटेल. आणि याला सुई लागणार नाही, मोडेल." जीन्स मी मोठ्या आशेने दिली होती.

"अगं, पण चांगलं मजबूत कापड आहे."

"गोधडीला मजबूत नको असतं रे, विरलेलं लागतं," ती म्हणाली.

हे मला कळेना. टाकाऊ झालं म्हणूनच तर तो ढीग निघाला होता. त्यात विरलेलं एकही नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. टी-शर्टचा गळा सैल झाला म्हणून, लेगिंगचं इलॅस्टिक गेलं म्हणून, गणवेश आखूड झाला म्हणून, साडीची फॅशन गेली म्हणून. कापड सगळ्यांचं धडधाकट.

आईच्या बोटांना जे कळतं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी काडेपेटी घेतली. शिवणीच्या आतून एक धागा ओढायचा, चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर पेटवायचा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा येतो आणि मागे मऊ करडी राख उरते. पॉलिस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं आणि टोकाला टणक काळा मणी धरतं. गणवेशाचं टेरिकॉट दोन्ही नखरे करतं: जळतंही आणि राखेत खडाही सोडतं. या परीक्षेत ढीग भराभर ओसरला. राहिलं ते एवढंच: आईच्या दोन सुती साड्या, एक पलंगपोस, बाबांचे लेंगे आणि पंचे, माझे दोन खादीचे झब्बे. म्हणजे तरुण पिढीच्या कपाटातून जवळजवळ काहीच नाही.

सुती कापडाचा हा आग्रह हौसेचा नाही. साधारण हवेत शंभर ग्रॅम कापूस सात-आठ ग्रॅम ओल सहज धरून ठेवतो. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. त्यामुळे अंगाचा घाम सुती गोधडी पिऊन टाकते, पॉलिस्टरची तो अंगावरच ठेवते. शिवाय सुती कापडाचे थर एकमेकांना धरून बसतात. जॉर्जेटवर जॉर्जेट ठेवून बघा, सुई टोचेपर्यंत दोघी दोन दिशांना गेलेल्या असतात.

आजीच्या घरात गोधडीला कापड कमी पडल्याचं आईला आठवत नाही. नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड, रोज नेसलेलं आणि रोज दगडावर आपटून धुतलेलं. ते बसायच्या जागी आधी विरायचं. काठ आणि पदर मागे राहायचे. मग दोन लुगड्यांचे धड भाग जोडून दांड घालायचा आणि ते आणखी काही वर्षं नेसायचं. तेही गेलं की गोधडी, बाळासाठी दुपटी, लंगोट. शेवटी फडकं, पोतेरं. गोधडी म्हणजे कापडाच्या आयुष्यातली अशी एक उशिराची पायरी. आमच्या कपाटातले कपडे त्या पायरीपर्यंत पोहोचतच नाहीत. ते झिजायच्या आधीच आम्ही त्यांना कंटाळतो, आणि झिजायचं ठरवलं तरी पॉलिस्टर लवकर दाद देत नाही.

आईने स्वतः मात्र कधी गोधडी शिवली नव्हती. तिची नोकरी होती आणि अंगावर घ्यायला सोलापुरी चादरी आल्या होत्या. तिला कापड कळत होतं, शिवण नाही. शिवणीसाठी मी भाजी मंडईजवळ झाडाखाली गोधड्या शिवत बसणाऱ्या एका मावशींना गाठलं. "शिवून देऊ का, दादा?" त्यांनी विचारलं. मला स्वतःलाच शिवायची आहे म्हटल्यावर त्या खळखळून हसल्या आणि सरकून मला जागा करून दिली.

त्यांच्याकडून पहिली गोष्ट कळली ती थरांची. पाचवारी साडी साडेपाच मीटरच्या आसपास. तिच्या तीन घड्या केल्या की जवळपास एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांबी आणि सव्वा मीटरहून थोडी कमी रुंदी मिळते. त्यात एकट्याची गोधडी होते. मी उबेच्या लोभाने दोन साड्या, पलंगपोस आणि लेंगे सगळंच अंथरायचं म्हणत होतो. मावशींनी दाभणाकडे बोट दाखवलं. "मग सुईनं नाही, ह्यानं शिवा. सुई जाईल तेवढंच कापड घ्यायचं." सगळ्यात विरलेलं आत, त्यातल्या त्यात धड ते वर आणि खाली. नवं कापड मधे घालायचं नाही. पहिल्या धुण्यात ते आटतं आणि सगळ्या गोधडीला चुण्या पाडतं. लेंग्यांच्या शिवणी, पट्ट्या, नाड्यांचे नेफे आधी कापून टाकायचे, नाहीतर तिथे सुई अडते.

दुसरा गोंधळ सुरुवात कुठून करायची याचा. शिवणकाम शिकलेल्या ओळखीच्या एका बाईंनी मधून सुरू करून कडेकडे जायला सांगितलं होतं, म्हणजे कापडाचा फुगवटा बाहेर निघून जातो. मावशी म्हणाल्या, कडेनं सुरू करा आणि फिरत फिरत आत या. दोघींचं एकदम खरं कसं असेल? मावशींच्या हाताकडे बघत बसल्यावर उलगडा झाला. कड आधी दुमडून शिवली की सुटे धागे आत जातात, सगळे थर बांधले जातात आणि मग तुम्ही गोधडीवरच बसून शिवू शकता. फुगवटा मधे जमायचा धोका असतोच. तो त्या प्रत्येक ओळीला डाव्या तळहाताने पुढे सारत नेतात. म्हणजे पद्धत सोपी, पण तिचा अर्धा भाग तळहातात आहे. उत्तर कन्नडमध्ये हळियाळ, यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाच्या गोधड्या शिवतात, त्याही कडेकडूनच आत येतात. त्या चारही कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोणी कापडाचे तुकडे लावतात आणि त्यांना फुला म्हणतात.

दोऱ्याचीही तीच गत. बंगालमधल्या कांथा गोधड्यांसाठी जुन्या साडीच्या काठातलेच रंगीत धागे ओढून काढण्याची रीत होती, हे वाचून मी आईच्या साडीचा काठ उसवायला बसलो. काठाचे धागे साडीच्या लांबीभर धावतात, पण जुना धागा वीतभर आला की तुटतो. धीराने हातभर निघाला तर नेढ्यातून ओवताना त्याची साल निघते. भरतकामाच्या काही फुलांपुरता तो पुरला. बाकी गोधडी घरातल्या पांढऱ्या सुती रिळावर गेली. लांब दोरा घेतला तर कमी वेळा ओवावं लागेल, हा हिशेबही चालत नाही. लांब दोऱ्याला गाठी बसतात. हातभरच घ्यायचा.

हिशेबावरून आठवलं. ओळींमध्ये बोटभर, म्हणजे दीडेक सेंटिमीटर अंतर धरलं, तर एवढ्या गोधडीत जवळपास १४० मीटर धावदोरा होतो. सेंटिमीटरला एक टाका म्हटलं तरी १४,००० टाके. मावशींनी सांगितलेली मजुरी मला आधी जास्त वाटली होती. हा आकडा मांडल्यावर ती फारच कमी आहे असं वाटलं.

माझ्या गोधडीच्या ओळी कडेला वाकड्या आहेत, मधे बऱ्यापैकी सरळ. मुलगा ती पांघरतो, म्हणजे जमली म्हणायची. कुणाला सुरुवात करायची असेल तर आधी दीड फुटाचं बसकर शिवावं आणि कात्री चालवण्यापूर्वी प्रत्येक कपड्याचा एक धागा जाळून बघावा. नापास झालेलं कापडही फेकू नये. पॉलिस्टर पाणी पीत नाही, म्हणून त्याच्या भाजीच्या पिशव्या छान होतात. जीन्सचं पायपुसणं होतं.

बायकोला आता तिच्यासाठी दुसरी गोधडी हवी आहे, पण आमच्या घरी तिला लागणारं कापड संपलं. कापड बाजारातून आणायचं नाही ही अट तिनेही मान्य केली आहे. त्यामुळे आम्ही आता कपडे घेताना लेबल वाचून सुतीच घेतो, आणि ते नीट विरेपर्यंत वापरायचं ठरवलं आहे. या वेगाने तिची गोधडी पाच-सहा वर्षांनी शिवायला घेता येईल.