नो फ्लॅश, नो पोज... व्हाया सेवाग्राम!

फुटबॉल मॅचेस कव्हर करणारा प्रेस फोटोग्राफर व्हायचंय? मग एक वीकएंड रिकामा ठेवा आणि थेट वर्ध्याचं तिकीट काढा. जोक नाही करत मी! मुंबईहून सेवाग्राम एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास, मग वर्धा स्टेशनवरून जेमतेम आठ किलोमीटरवर सेवाग्राम आश्रम. ना स्टेडियम, ना फ्लडलाइट्स. पण या प्रोफेशनचे बेसिक फंडे इथे 1930 च्या दशकातच क्लिअर झाले होते.

बापू कुटीत शिरा. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. बाहेर विदर्भाचं रणरणतं ऊन आणि आत गारेगार अंधार. अशा उजेडात कनू गांधी फोटो काढायचे. गांधीजींचे पुतणे नारणदास यांचा हा मुलगा. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या 100 रुपयांतून त्यांनी रोलायफ्लेक्स कॅमेरा घेतला. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही आणि खर्चासाठी आश्रमाकडे पैसे मागायचे नाहीत.

मॅचच्या वेळी गोललाइनमागे, जाहिरातींच्या बोर्डांना खेटून बसते तेव्हा मला हेच रूल्स लागू असतात! फ्लॅशने गोलकीपरचे डोळे दिपतील, म्हणून तो बंद. स्ट्रायकरला ‘जरा परत हेडर मार ना’ म्हणायची सोय नाही. आणि फ्रीलान्सर असाल तर लाखांच्या घरातली 400 एमएमची लेन्स स्वतःच्या खिशातून, नाहीतर भाड्याने. त्यात हाफटाइमच्या 15 मिनिटांत फोटो निवडा, कॅप्शन टाका, डेस्कला पाठवा. चहा? विसरा.

फरक एकच. आजचा कॅमेरा सेकंदाला 20 फ्रेम्स आरामात काढतो. रोलायफ्लेक्सच्या अख्ख्या रोलमध्ये फक्त 12! म्हणजे क्षण आधीच ओळखायला हवा. फुटबॉलमध्येही बॉल जाळ्यात गेल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेलाच असतो. विंगरने मान वर करून बॉक्सकडे पाहिलं, की फोकस तिथे हवा.

सगळ्यात टोचणारी गोष्ट मात्र वेगळीच. मॅचच्या आधी तुम्ही एक गोलपोस्ट निवडून बसता आणि गोल नेमका दुसऱ्या टोकाला होतो. तुलना फार मोठी आहे, मान्य. पण 30 जानेवारी 1948 ला कनू गांधी दिल्लीत नव्हते. गांधीजींच्याच सांगण्यावरून ते नोआखालीत काम करत होते. वर्षानुवर्षं सावलीसारखा सोबत असलेला कॅमेरा त्या संध्याकाळी तिथे नव्हता. तरीही वजनकाट्यावर उभे असलेले, सेवाग्रामच्या ऑफिसात फोन कानाला लावलेले बापू आपल्याला दिसतात ते कनूंमुळेच. बातमी नसलेल्या दिवशीही ते कॅमेरा घेऊन हजर होते ना!

तेव्हा पुढच्या मॅचला गोल पलीकडे झाला तर डोक्याला हात लावून बसू नका. तुमच्या समोरचा गोलकीपर त्या क्षणी एकटाच नाचत असेल. त्याचा फोटो घ्या. बाकी सगळ्यांच्या लेन्स तिकडे वळलेल्या असतील.